थांबायचा हक्क

राऊळ मॅडम गेल्या तेव्हा कॉलेजात शोकसभा झाली. एका वक्त्याने त्यांना 'कायद्याचं चालतंबोलतं विद्यापीठ' म्हटलं, दुसऱ्याने 'दीपस्तंभ' म्हटलं. मी मागच्या बाकावर बसून चडफडत होते. मॅडम इतक्या हळू बोलत की तिसऱ्या बाकाच्या पुढे त्यांचे शब्द पोचायचे ते समुद्राच्या आवाजात मिसळूनच. आणि दीपस्तंभ एका जागी उभा असतो. ही बाई कधी एका जागी उभी राहिल्याचं मला आठवत नाही. चालत्या होत्या, एवढं मात्र खरं. वर्गातली खुर्ची त्यांच्यासाठी नव्हतीच, तिच्यावर त्यांची काळी छत्री बसायची.

बुटकी, सावळी मूर्ती, अंगावर सुती साडी आणि केसांत ऋतू असेल तसं फूल. अबोली, नाहीतर ओवळाच्या, म्हणजे बकुळीच्या, फुलांचा वळेसर, आणि काजू पिकायला लागले की सुरंगी. सुरंगीच्या दिवसांत त्या बाकांमधून फिरायला लागल्या की अख्ख्या वर्गाला गुंगी यायची. आमचं कॉलेज टेकडीच्या उतारावर, कौलारू. जेवणानंतरचा तास त्यांचा. खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसायचा, खाली सुरूच्या बनात वारा शिरलेला असायचा, आणि मॅडमचा तो हळू आवाज मालमत्तेचा कायदा सांगत बाकांमधून ये-जा करायचा. मला त्या तासातलं निम्मं आठवतं ते झोपेत ऐकल्यासारखं. गंमत म्हणजे तेच निम्मं आज कोर्टात उपयोगी पडतं.

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सला आम्ही सगळे मिळून एका एसटीत मावू एवढे होतो. मी मसुऱ्याची. आमच्यातले थोडे वकील व्हायचं म्हणून आले होते, थोड्यांना दुसरीकडे कुठे जागा मिळाली नव्हती, आणि बाकीच्यांच्या घरात दावा चालू होता म्हणून 'घरातलो एक तरी वकील होवंदे' असं घरच्यांनी ठरवलं होतं. पहिल्याच तासाला मॅडमनी विचारलं, "ज्यांच्या घरी कसलाच तंटा नाही, त्यांनी हात वर करा."

एकच हात वर गेला. कुणकेश्वरच्या एका मुलाचा, तोही अर्धा.

मॅडम त्याच्याजवळ जाऊन थांबल्या. "तुमच्या घराभोवती गडगो आसा?"

"आसा."

"तो सरकलो काय कधी?"

मुलाने हात खाली घेतला. चिऱ्याचा गडगा, म्हणजे हद्दीचा बांध, रातोरात कसा सरकतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मग कोणीतरी मागून म्हणालं, "मॅडम, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात." मॅडम हसल्या. त्यांचं हसणं आवाजाशिवायचं असे, नुसते खांदे हलायचे. "खरं आहे. पण शहाण्याचा शेजारी शहाणा नसला तर त्या शहाण्याने काय करायचं, ते म्हणीत नाही. म्हणून आपण पाच वर्षं इथे बसणार आहोत." असं म्हणून स्वतः पुन्हा चालायला लागल्या.

शिकवताना त्या प्रमाण मराठीत सुरू करायच्या आणि जीव रंगला की मालवणीत उतरायच्या. मालवणी सुरू झाली की आम्ही वही मिटत असू, कारण आता परीक्षेत न येणारं आणि जन्मभर लक्षात राहणारं काहीतरी येणार हे ठरलेलं. दोडामार्गचा केतन आमच्यातला हुशार. त्याचे सगळे भाऊ गोव्यात नोकरीला, हाही पणजीत मोठा वकील होणार असं त्याने आधीच ठरवून टाकलेलं. अभिरूप न्यायालयाच्या दिवशी तो काळा कोट घालून उभा राहिला आणि सिनेमातल्यासारखा हात फेकून "मिलॉर्ड!" म्हणाला. दावा होता शेजाऱ्याने विहिरीचं पाणी अडवल्याचा. केतनने माणुसकी काढली, संविधान काढलं, पाण्याला जीवन म्हणून झालं, फक्त विहीर कोणाची आणि अडवली कोणी हे सांगायचं राहून गेलं.

"तुमच्या गावात देवाक गाऱ्हाणा कोण घालता?" मॅडमनी विचारलं.

"माझे काका."

"मगे तू कोट काढ आणि काकांसारखा गाऱ्हाणा घाल. विहिरीचाच."

केतन लाजला, पण रक्तातलीच गोष्ट. त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा शिवेच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा..." आणि बघता बघता विहीर कुठली, पाणी कोण भरायचं, कोणी अडवलं, आता काय व्हायला हवं, सगळं ओळीने बाहेर आलं. प्रत्येक वाक्याला आम्ही सवयीने "व्हय म्हाराजा!" ओरडत होतो. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले.

"झाला की वादपत्र," मॅडम म्हणाल्या. "आधी कोणाला सांगतोस ते, म्हणजे अधिकार कोणाचा. मग सांगणारा कोण. मग घडलं काय. मग मागणं काय. 'चुकला-माकला पोटात घे' तेवढा कोर्टात चलना नाय, ता सोड."

"आणि 'व्हय म्हाराजा', मॅडम? ते कोर्टात कोण म्हणणार?"

मॅडम खिडकीपाशी गेल्या आणि समुद्राकडे बघत राहिल्या. त्यांना असं मधेच कुठेतरी जायची सवय होती, परत येईपर्यंत आम्ही थांबत असू. "ता कोर्टात कोण म्हणत नाय," त्या म्हणाल्या. "पण गावात म्हणणारे नसले, तर निकाल कागदारच रवता."

तिसऱ्या वर्षी सुविधाधिकाराचा कायदा आला. म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून आपल्याला जायची वाट असणं, पाणी नेता येणं, असले हक्क. तो त्या वर्गात शिकवतच नसत. एका शनिवारी सगळ्यांना एसटीत घालून आपल्या गावी न्यायच्या. गावाचं नाव सांगत नाही, या गोष्टीतली बरीच माणसं अजून नांदती आहेत. एसटीच्या थांब्यापासून त्यांच्या घरच्या आंब्यांच्या बागेतून एक पायवाट खाली समुद्राकडे उतरते. खाली मासेमारी करणाऱ्यांची वाडी. तिथल्या बायका मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन याच वाटेने वर एसटीला येतात, मुलं याच वाटेने शाळेत जातात. दुसरा रस्ता आहे, पण तो खाडीला वळसा घालून जातो, आणि खांद्यावर आजारी माणूस असेल तर तो वळसा फारच लांब.

वाटेच्या तोंडाशी मॅडम चपला काढून हातात घ्यायच्या. आम्हीही काढायचो. "वाट खरी की खोटी, ता पायाक कळता. बघ हां." आणि खरंच, जांभ्या दगडाच्या पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या, पावलाला अगदी थंड लागायच्या. किती पावलांनी तो दगड झिजवला असेल, असं मनात येऊन तेव्हा मी अंमळ घाबरले होते.

वाट अर्ध्यावर त्यांच्या घराच्या खळ्याला, म्हणजे अंगणाला, लागून जाते. शेणाने सारवलेलं खळं, पलीकडे पडवी, पडवीत मॅडमचे थोरले भाऊ, अण्णा. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. त्या अण्णांच्याच घरी राहत आणि तिथून रोज कॉलेजला येत. खळ्याच्या अलीकडे ओवळाचं झाड आणि त्याखाली शेंदूर लावलेला एक दगड, तो वाटेचा राखणदार. भात कापून झालं की दरवर्षी वाडीतली माणसं कोयते घेऊन यायची, पावसात माजलेलं रान साफ करून वाट मोकळी करायची. अण्णा स्वतः त्यांच्यात कोयता घेऊन उतरायचे. मग संध्याकाळी राखणदाराला नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने अण्णाच गाऱ्हाणं घालायचे. त्यांच्या वडिलांनी घातलं होतं, त्यांच्या आजोबांनी घातलं होतं.

"वाटेचा हक्क म्हणजे जायचा हक्क," मॅडम खळ्याच्या कडेला, पण वाटेवरच उभ्या राहून सांगत होत्या. "थांबायचा नव्हे. या वाटेवरून तुम्ही जन्मभर जा, तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. पण या खळ्यात पाऊल टाकून बसलात, तर घुसखोरी."

"आणि दमलो तर?" केतनने विचारलं.

"उभ्या उभ्या दम खा. बसायचं तर धन्याला विचार. आणि धन्याने 'बस' म्हटलं, तरी ती झाली परवानगी. परवानगी मेहरबानीची असते, कधीही काढून घेता येते. हक्काला कोणाला विचारावं लागत नाही."

पडवीतून अण्णा ओरडले, "माझ्याच जमनीत उभी रवान माझ्याच विरोधात शिकवता गो! ह्या पोरांनो, मी जावक देतंय म्हणान ती माणसा जातत!"

"तू देणारो कोण?" मॅडम म्हणाल्या, आणि दोघांचेही खांदे एकसारखे हलायला लागले. वहिनी कोकम सरबताची तपेली घेऊन बाहेर आल्या. अण्णांनी "बसा रे, परवानगी आसा" म्हटलं, तेव्हा कुठे आम्ही खळ्यात बसलो. मॅडम ग्लास हातात घेऊन आमच्यामधून फिरत राहिल्या.

त्याच वर्षी मुलींच्या वारसाहक्काचा धडा चालू होता. मुलीचा वाटा मुलाएवढाच, हे मॅडमनी नेहमीच्या हळू आवाजात सांगितलं. आमच्यातल्या एका मुलीने फटकन विचारलं, "मॅडम, तुम्ही घेतलात तुमचा वाटा?"

मॅडम चालायच्या थांबल्या नाहीत. "नाय. हक्कसोडपत्रावर सही केलंय. कायदो माका म्हायत होतो. पण मी म्हटलंय, जमीन घेवन काय करू? भावाचो उंबरो आपल्याक उघडो रवाक व्हयो." मग बाकांच्या टोकाला पोचल्यावर वळून म्हणाल्या, "मी केलं म्हणून तुम्ही करू नका. सही करायची वेळ आली तर आधी वाचा, आणि रडत रडत करू नका." त्या दिवशी माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग आला होता, हे आता स्पष्टच सांगते. एवढी शिकलेली बाई आणि शेवटी ओवाळणीच्या ताटात सगळं टाकून मोकळी झाली, असं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी धाकट्या वर्गाला वाट दाखवायला न्यायची होती, तेव्हा मॅडमनी मलाही बरोबर घेतलं. आंब्यांना मोहोर आलेला, हवेत तो गोड, जडसा वास, सगळं कसं धुक्यातून बघितल्यासारखं. मॅडम पुढे, हातात चपला, मागे आम्ही. खळं मागे टाकून खाली गेलो आणि वाट संपली. पुढे चिऱ्याचा नवा कोरा गडगा. सिमेंट अजून ओलं होतं; मॅडम सकाळी कॉलेजला निघाल्यावर घातलेला असणार.

मॅडमनी गडग्यावर तळवा ठेवला. पलीकडून बांगड्यांचा आवाज आला, मग एक म्हातारा आवाज, "कोण ता थंयसर?"

"मी शालन."

"शालन? अगो बाय, आमची वाट खंय गेली?"

पलीकडे टोपल्या घेऊन बायका उभ्या होत्या, वरची एसटी निघायच्या बेतात होती. थोड्या वेळाने त्या खाडीच्या वळशाने निघून गेल्याचा आवाज आला, बोलणी हळूहळू विरत गेली.

झालं होतं असं, की अण्णांनी खालची बाग विकायचं ठरवलं होतं. घेणारा बाहेरचा, त्याला तिथे पर्यटकांसाठी रिसॉर्ट बांधायचं होतं, आणि पाहुण्यांच्या मधून मासळीच्या टोपल्या जाणं त्याला नको होतं. वाट बंद असेल तरच तो घेणार. अण्णांनाही बोल लावता येत नाही. आंबा दरवर्षी दगा देत होता, मुलगा मुंबईला, गुडघे दुखत होते, फवारणीला माणूस मिळत नव्हता. थकलेल्या माणसाला सुटकेची एक वाट दिसली होती आणि ती नेमकी दुसऱ्यांची वाट बंद करून निघत होती.

वाडीने दावा लावला. वकील सावंत, मॅडमचाच जुना विद्यार्थी. कोर्टाने निकालापर्यंत गडग्यात माणूस जाईल एवढी फट ठेवायला लावली. तोपर्यंत मी पास होऊन सावंतांकडे काम शिकायला लागले होते. दाव्याचं सगळं एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं. वाडीतली माणसं त्या वाटेने हक्काने जात होती, की राऊळांच्या मेहरबानीने? अण्णांचं म्हणणं लेखी होतं, आम्ही जाऊ देत होतो म्हणून ती जात होती. तेच पडवीतलं वाक्य, पण आता त्यात थट्टा नव्हती.

आणि या सगळ्या काळात मॅडम त्याच घरात राहत होत्या. अण्णांच्या शेजारी बसून जेवत होत्या. कोकणातले दावे बाहेरच्यांना कळायचे नाहीत. वादी-प्रतिवादी एकाच एसटीने तारखेला येतात आणि एकमेकांच्या डब्यातलं पान खातात. पण ज्या दिवशी वाडीची साक्षीदार म्हणून मॅडमची साक्ष होती, त्या दिवशी त्या अण्णांच्या स्कूटरवर मागे बसून कोर्टात आल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अण्णांनी स्कूटर लावली, मॅडमची छत्री त्यांच्या हातात दिली आणि "सांभाळून बोल गो, घसो बसलोहा तुझो" म्हणाले.

मॅडम बोलल्या. "माझ्या जन्माआधीपासून वाट आहे, कोणी कधी विचारून गेलेलं मी पाहिलं नाही." अण्णांच्या वकिलाने उलटतपासात विचारलं, "हक्कसोडपत्रावर सही केल्याचा तुम्हाला आता पश्चात्ताप होतोय, म्हणून भावाविरुद्ध उभ्या आहात, हे खरं का?" मॅडम म्हणाल्या, "नाही. पश्चात्ताप झाला असता तर माझ्या वाट्यासाठी आले असते. मी त्यांच्या वाटेसाठी आले आहे." कोर्टाबाहेर अण्णांनी आपल्याच वकिलाला झापलं. "तिका असला इचारूचा नाय हां," म्हणाले, आणि बहिणीला स्कूटरवर घालून घरी घेऊन गेले.

पण नुसत्या साक्षीने भागत नव्हतं. बहिणीचा शब्द विरुद्ध भावाचा शब्द. अण्णांच्या उलटतपासाची तारीख जवळ आली तशी मॅडम एका दुपारी सावंत वकिलांच्या ऑफिसात आल्या. उभ्याच राहिल्या. टेबलाभोवती एक फेरी मारली, खिडकीशी गेल्या, आणि बाहेर बघत म्हणाल्या, "तेका गाऱ्हाण्याबद्दल इचार."

सावंत म्हणाले, "मॅडम, तो नाय सांगल्यान तर?"

"अण्णा कोर्टात खोटा बोलात. राखणदाराच्या बाबतीत बोलाचो नाय." एवढं बोलून त्या गेल्या. जाताना त्यांचा चेहरा मी पाहिला. माहेर म्हणतात ते त्यांनी त्या क्षणी टेबलावर ठेवलं होतं, आणि ते त्यांना पुरतं कळत होतं.

तारखेला वाडीतली माणसं मागच्या बाकांवर दाटीने बसली होती. मॅडम भिंतीला टेकून उभ्या. जज्जसाहेब विदर्भातले, नुकतेच बदलून आलेले. सावंतांनी इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर शांतपणे विचारलं, "दरवर्षी वाटेच्या राखणदाराला गाऱ्हाणं कोण घालतं?"

"मी."

"गडगा घातल्यावरही घातलंत?"

"घातलंय. ता कसा चुकवतलंय?"

"त्यात वाटेबद्दल काय म्हणता, ते कोर्टाला सांगा."

अण्णांचा वकील उठला, पण साहेबांनी त्याला हाताने बसवलं. अण्णांनी एकदा भिंतीकडे, बहिणीकडे पाहिलं. मग पिंजऱ्यात खाली वाकून चपला काढल्या, बाजूला ठेवल्या, हात जोडले आणि डोळे मिटले.

"बा देवा राखणदारा, बारा शिवेच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! ही वाट वाडवडलांपासून जेंची आसा, तेंचे पाय हेच्यार चलते ठेव..."

"व्हय म्हाराजा!" मागच्या बाकांवरून एकदम आवाज उठला. ठरवून नव्हे. गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्या तोंडून ते आपोआप निघतं. दारातला पट्टेवालाही म्हणाला आणि जीभ चावून दाराआड झाला. खरं तर मीही म्हणाले.

"वाटेर काय आडवा-तिडवा इला आसात, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

साहेबांनी टेबल वाजवलं. मग त्यांनी स्टेनोकडे पाहिलं. "हे... हे कसं लिहायचं?" स्टेनो कुडाळचा. तो म्हणाला, "साहेब, वाट त्यांची आहे असं प्रतिवादी म्हणतात, एवढं लिहू?" अण्णांनी डोळे उघडले. आपण काय बोललो हे त्यांना कळलं होतं. पण बोललेलं मागे घ्यायला ते काही माणसापुढे बोलले नव्हते.

बाहेर व्हरांड्यात भाऊ-बहीण समोरासमोर आले. मी फायली घेऊन बाजूला उभी होते.

"साक्ष दिलंस, ता माका वायट नाय वाटला," अण्णा म्हणाले. "पण माझ्या राखणदाराक कोर्टात आणलंस. तुझ्याशिवाय ह्या कोणाक सुचाचा नाय."

मॅडम म्हणाल्या, "व्हय. मीच सांगलंय."

"बरा. मगे वाट तुमची. घर माझा."

स्कूटर सुरू झाली आणि मागची बसायची जागा रिकामी घेऊन गेली. मॅडमची पिशवी हँडलला तशीच लटकत होती. दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरकडे एक बॅग आली. सगळ्या साड्या घड्या घालून ठेवलेल्या, आणि वर केळीच्या पानात गुंडाळलेला ओवळाचा ताजा वळेसर. तो वहिनींचा, हे विचारायची गरज नव्हती.

वाडीने दावा जिंकला, गडगा पडला, गिऱ्हाईक गेलं. वाडीतल्या बायका पेढे घेऊन कॉलेजात आल्या तेव्हा मॅडम म्हणाल्या, "खटलो मी नाय जिंकलंय. अण्णान जिंकून दिल्यान." पेढा मात्र त्यांनी खाल्ला नाही.

कॉलेजजवळ दोन खोल्या घेऊन त्या राहू लागल्या. मी एकदा वकिली शहाणपणाने सुचवलं, की हक्कसोडपत्राला आव्हान देता येईल का बघू, घरात तुमचाही वाटा आहे. मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला पुन्हा पहिल्या वर्षात बसल्यासारखं वाटलं. "आणि मगे काय करू गो चेडवा? कोर्टाच्या हुकमान भावाच्या पडवीत बसू?" त्या दिवशी माझा जुना राग कुठल्या कुठे गेला. कायदा कुठे चालतो आणि कुठल्या उंबऱ्याशी त्याने चपला काढायच्या, हे या बाईला आमच्या सगळ्या कोर्टापेक्षा जास्त कळत होतं.

पण दर शनिवारी त्या एसटीने गावी जायच्या. थांब्यावर उतरायच्या, चपला हातात घ्यायच्या आणि वाटेने खाली समुद्रापर्यंत जाऊन परत यायच्या. मी कितीदा तरी त्यांच्याबरोबर गेलेय. संध्याकाळचं पिवळं ऊन आंब्यांतून गाळून यायचं, खालून लाटांचा आवाज, वर पाखरं घरी परतत असलेली. खळ्याशी आल्या की मॅडमची चाल मंदावायची. अगदी हळू, इतकी हळू की थांबल्या की काय असं वाटावं. पण थांबायच्या नाहीत. पडवीत अण्णा वर्तमानपत्र धरून बसलेले असत. त्या वेळी पडवीत वाचण्यापुरता उजेड नसायचा. एकदा मी म्हटलं, "मॅडम, हाक मारा ना." त्या म्हणाल्या, "वाटेच्या हक्कात ता येत नाय," आणि चालत राहिल्या. घरातून कांदा-खोबरं भाजल्याचा वास वाटेवर यायचा. वासाला कोणी अडवू शकत नव्हतं.

अशी वर्षं गेली. मॅडम निवृत्त झाल्या, हातात छत्रीऐवजी काठी आली. वाटेच्या पायऱ्या आता त्यांना मधे मधे उभं करायच्या. खळ्याच्या आधी एकदा, पुढे गेल्यावर एकदा, पण खळ्यासमोर कधीच नाही. परतताना तिथून त्या दम कोंडून पुढे जायच्या आणि ओवळाच्या झाडाला धरून श्वास घ्यायच्या. अण्णा पडवीतून हे बघत असणार. वर्तमानपत्र हललेलं मी पाहिलंय.

एका वर्षी भात कापून झालं आणि राखणदाराला नारळ ठेवायचा दिवस नेमका शनिवारी आला. आम्ही पोचलो तेव्हा वाट साफ झाली होती, कापलेल्या गवताचा ओला वास सुटला होता. ओवळाखाली माणसं जमली होती. मॅडम सगळ्यांच्या मागे वाटेवर उभ्या राहिल्या, दोन्ही हात काठीवर. अण्णा पुढे झाले. त्यांचाही आवाज आता बारीक झाला होता. नारळ ठेवला, पानाचा विडा ठेवला, हात जोडले. नेहमीचंच गाऱ्हाणं. वाट जेंची तेंचे पाय चलते ठेव. व्हय म्हाराजा. आडवा-तिडवा दूर कर. व्हय म्हाराजा. चुकला-माकला पोटात घे. व्हय म्हाराजा. इथे गाऱ्हाणं संपतं. माणसं हात खाली करायला लागली होती.

अण्णांचे हात मात्र जोडलेलेच राहिले.

"आणि म्हाराजा," ते म्हणाले, "ह्या वाटेर चलता चलता कोण दमला आसात, तर तेका माझ्या खळ्यात येवन बसाची बुद्धी दी. तेणी कोणाक इचारूची गरज नाय रे म्हाराजा!"

सगळी वाडी एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" इतकं जोरात, की झाडावरचे कावळे उडाले. मागे वळून कोणी बघत नव्हतं, पण सगळे कान मागे लागले होते. खालून एक लाट फुटल्याचा आवाज आला, मग दुसरी.

आणि सर्वांच्या मागून तो आवाज आला, तिसऱ्या बाकाच्या पुढे न पोचणारा.

"व्हय म्हाराजा."

माणसं बाजूला झाली. मॅडम खळ्याच्या कडेपर्यंत गेल्या, हातातल्या चपला त्यांनी वाटेवर ठेवल्या आणि सारवलेल्या जमिनीवर पाऊल टाकलं. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. अण्णा पाठ करून नारळ फोडत होते, आणि तो त्यांना काही केल्या फुटत नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात मॅडम गेल्या. त्यानंतरच्या शोकसभेचं मघाशी सांगितलंच. माझ्याकडे त्यांचं शेवटचं दर्शन म्हणून आहे ते त्या संध्याकाळचं. वर्गात, कोर्टात, वाटेवर, मी त्यांना कधी एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी अंधार पडला, शेवटची एसटी निघून गेली, तरी मॅडम खळ्यात बसून होत्या.